एका पेटीला दोन गिऱ्हाइके : देवगडच्या एका ऑनलाइन आंबाविक्रीचे प्रकरण

पार्श्वभूमी

देवगड तालुक्यातील एका बागायतदार कुटुंबाच्या ऑनलाइन दुकानात एका हंगामात जे घडले, त्याची ही नोंद आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गाव, नावे आणि काही किरकोळ तपशील वगळले आहेत. तांत्रिक घटनांचा क्रम मात्र तपासात आढळला तसाच ठेवला आहे. हा तपास प्रस्तुत लेखकाकडे आला होता.

कुटुंबाची स्वतःची हापूसची बाग आहे आणि कमी पडल्यास भावकीतल्या बागांचा मालही घेतला जातो. पूर्वी बहुतेक पेट्या वाशीच्या बाजारात दलालाकडे जात. पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, हाती पडेपर्यंत भाव कळत नसे आणि अडत, हमाली, वाहतूक वजा जाता काय उरेल याचा अंदाज बांधणे कठीण असे. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यानंतर थेट ग्राहकाला विकण्याच्या गोष्टी गावोगाव अधिक आत्मविश्वासाने होऊ लागल्या. या घरातही पुण्यात नोकरी करणारा धाकटा मुलगा आणि त्याची पत्नी यांनी पुढाकार घेऊन ओळखीतल्या एका जाणकाराकडून संकेतस्थळ करून घेतले. वर्डप्रेस (संकेतस्थळ उभारण्याचे सॉफ्टवेअर), त्यावर वूकॉमर्स (ऑनलाइन दुकान चालवणारी त्याची जोड), एक तयार थीम (पानांचे रूप ठरवणारा साचा), एक पेमेंट गेटवे (ग्राहकाचे पैसे ऑनलाइन स्वीकारून दुकानाकडे जमा करणारी सेवा) आणि अनेक ग्राहकांत वाटून दिलेले स्वस्त होस्टिंग (सर्व्हरवरची भाड्याची जागा), अशी ती नेहमीची मांडणी होती. तोडणी, प्रतवारी आणि पॅकिंग वडील व थोरला भाऊ पाहत. संकेतस्थळ, ग्राहकांचे फोन आणि पुण्यातले वाटप धाकट्या जोडप्याकडे होते.

या दुकानाचे दोन विशेष पुढच्या सगळ्या घडामोडींच्या मुळाशी आहेत. पहिला असा, की ते वर्षातले दहा-बारा आठवडेच चालते आणि त्या आठवड्यांतही सगळी गर्दी अक्षय्य तृतीयेच्या आसपास लोटते. दुसरा असा, की ग्राहक पैसे भरतो तेव्हा त्याचा आंबा बहुधा झाडावरच असतो. फळ चौदा आणे तयार झाले की झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) उतरवायचे, वजनाप्रमाणे प्रत लावायची, पेंढ्यात घालायचे आणि पेटी भरून पाठवायची, हा क्रम घाई करून आखडता येत नाही. एका झाडावरून मोठे फळ किती आणि मध्यम किती निघेल, हे फळ उतरल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. तरीही संकेतस्थळावर प्रत्येक प्रतीपुढे शिल्लक पेट्यांचा आकडा रोज लिहावा लागत होता. किराणा दुकानातल्या आकड्याला मागे फळीवर ठेवलेल्या मालाचा आधार असतो. इथला आकडा वडिलांच्या अनुभवातून निघालेला अंदाज होता, आणि संगणक त्याला मोजलेल्या मालासारखाच वागवत होता.

अडचण

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या आठवड्यात, एका रात्री नऊच्या सुमारास, जुन्या ग्राहकांना व्हॉट्सॲपवरून हंगामाचा मुख्य संदेश गेला. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत जास्तीत जास्त २५६ जण बसतात. अशा अनेक याद्यांना एकापाठोपाठ एक तोच संदेश पाठवण्यात आला. थोड्याच वेळात संकेतस्थळ अडखळू लागले. काहींना पान उघडेना, काहींच्या टोपलीत टाकलेल्या पेट्या नाहीशा झाल्या, आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे काहींच्या खात्यातून यूपीआयने पैसे वजा झाले, पण दुकानाकडून ऑर्डर मिळाल्याचा संदेश आला नाही. त्यांपैकी काहींनी पुन्हा पैसे भरले.

त्या रात्री फोन उचलणाऱ्या धाकट्या सुनेने, इंटरनेटवर सर्वत्र मिळणाऱ्या सल्ल्याला धरून, पैसे काही दिवसांत आपोआप परत येतील असे अनेकांना कळवले. दुसऱ्या दिवशी सकाळी संकेतस्थळावर त्यांतल्या बऱ्याच ऑर्डरी 'रद्द' अशा दिसत होत्या, त्यामुळे ते उत्तर बरोबरच वाटले. दुपारपर्यंत मात्र त्याच रद्द ऑर्डरींपैकी काही 'प्रक्रियेत' अशा दिसू लागल्या. दरम्यान त्या पेट्या दुसऱ्या ग्राहकांना विकल्या गेल्या होत्या. थोरल्या भावाने पाठवायच्या पेट्यांची यादी मागितली तेव्हा यादीतल्या पेट्या बागेतून निघू शकणाऱ्या मालापेक्षा उघडच जास्त होत्या.

वडिलांच्या मते गोष्ट सरळ होती. इतकी वर्षे त्यांनी वहीत नावे लिहून पेट्या दिल्या होत्या आणि एका पेटीवर दोन नावे कधी चढली नव्हती. धाकट्या मुलाच्या मते होस्टिंग हलके पडले होते आणि जास्त पैसे भरून मोठा सर्व्हर घेतला की प्रश्न मिटणार होता. संकेतस्थळ करून देणाऱ्याने उत्पादनांच्या मोठमोठ्या छायाचित्रांकडे बोट दाखवले. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडे तथ्य होते, पण ऑर्डर मेल्यावर पुन्हा जिवंत का झाली, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

तपासात काय आढळले

पहिले काम तीन नोंदी एकमेकींसमोर ठेवण्याचे होते : पेमेंट गेटवेचा व्यवहारांचा तक्ता, वूकॉमर्समधील ऑर्डरी आणि सर्व्हरची भेटींची नोंद. त्या लगेच जुळेनात, कारण गेटवे भारतीय वेळ लिहीत होता, तर वर्डप्रेसमध्ये वेळेची सेटिंग कोणी हात न लावल्यामुळे जागतिक प्रमाणवेळेवर राहिली होती. साडेपाच तासांच्या या फरकामुळे मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत आलेली प्रत्येक ऑर्डर दुकानाच्या हिशेबात आदल्या तारखेला पडत होती. महिनोन्महिने रोजचा हिशेब थोडाफार चुकत असल्याची तक्रार घरात होती, तिचा उलगडा इथे झाला. फरक काढून टाकल्यावर घटनाक्रम स्पष्ट दिसला.

ग्राहक 'पैसे भरा' दाबतो तेव्हा वूकॉमर्स ऑर्डर 'पैसे येणे बाकी' या अवस्थेत नोंदवते आणि तेवढा माल ठरावीक वेळ राखून ठेवते. ही वेळ सुरुवातीला ६० मिनिटे असते. त्यानंतर पैसे आल्याची खबर दोन वाटांनी येऊ शकते. एक वाट ग्राहकाच्या ब्राउझरची आहे : पैसे भरून झाले की गेटवे ग्राहकाला दुकानाच्या पानावर परत आणतो. पण यूपीआयमध्ये ग्राहक मोबाइलवरच्या दुसऱ्या ॲपमध्ये जातो, पिन टाकतो आणि अनेकदा तिथूनच फोन खाली ठेवतो. किंवा तेवढ्यात फोनने मागचे पान बंद केलेले असते. त्यामुळे या वाटेवर भिस्त ठेवता येत नाही. दुसरी वाट वेबहुकची, म्हणजे गेटवेचा सर्व्हर दुकानाच्या सर्व्हरला थेट कळवतो. इथे ग्राहकाचा फोन मध्ये येत नाही.

त्या रात्री दुसरी वाटच बंद पडली होती. सर्व्हरच्या नोंदीत वेबहुकसमोर ५०८ क्रमांकाचा नकार पुन्हापुन्हा दिसत होता. वाटून घेतलेल्या होस्टिंगवर एका खात्याला एकाच वेळी किती प्रक्रिया चालवता येतील याची मर्यादा असते आणि ती संपली की अशी प्रक्रिया लागणाऱ्या प्रत्येक नव्या विनंतीला असा नकार मिळतो. दारात गर्दी झाली तेव्हा गिऱ्हाईक आणि पैसे घेऊन आलेला बँकेचा माणूस दोघेही एकाच रांगेत अडकावेत, तसा हा प्रकार होता.

गर्दी नेमकी कशाची होती, हेही पाहावे लागले. दुकानाची पाने कॅशेमध्ये साठवलेली होती, म्हणजे ती प्रत्येक वेळी नव्याने तयार होत नव्हती; छायाचित्रे जड असली तरी ती पाठवायला अशी प्रक्रिया लागत नाही. मोठ्या छायाचित्रांमुळे ग्राहकाचा डेटा आणि वेळ खर्च होतो हे खरे, पण या बिघाडात त्यांचा हात नव्हता. खरा भार एका अदृश्य विनंतीचा होता. टोपलीतल्या वस्तूंची संख्या कोपऱ्यात ताजी दाखवण्यासाठी प्रत्येक पान उघडताच ब्राउझर दुकानाकडे आणखी एक विनंती पाठवत होता आणि ती कॅशेमधून भागत नव्हती. वूकॉमर्सच्या नव्या आवृत्त्यांनी ही सवय बरीच आवरली आहे, पण या दुकानाची थीम जुनी होती आणि ती प्रत्येक पानावर तशीच चालू होती. नुसते भाव बघायला आलेला माणूसही त्यामुळे एक प्रक्रिया अडवून बसत होता.

वेबहुकला नकार मिळाला की गेटवे काही वेळाने पुन्हा प्रयत्न करतो आणि दर वेळी मधले अंतर वाढवत जातो. गर्दी टिकून होती तोवर पहिले प्रयत्न फुकट गेले, आणि पुढचा प्रयत्न होईपर्यंत ६० मिनिटे उलटून गेली होती. राखून ठेवलेला माल सुटला, ऑर्डर रद्द झाली आणि त्याच पेट्या नव्या ग्राहकाने घेतल्या. नंतर उशिरा पोहोचलेल्या वेबहुकने 'पैसे आले आहेत' असे सांगितले, तेव्हा वूकॉमर्सने रद्द ऑर्डर पुन्हा 'प्रक्रियेत' आणली. रद्द ऑर्डरीचे पैसे आले तर ती स्वीकारायची, हे त्याचे ठरलेले वर्तन आहे आणि एरवी ते योग्यच आहे. त्या वेळी शिल्लक तपासली जात नाही. आकडा शून्याखाली जाऊ शकतो.

हा उणे आकडा दिसला असता तर गडबड दुसऱ्या सकाळीच लक्षात आली असती. तो दिसला नाही याला घरातली एक जुनी पद्धत कारणीभूत होती. बागेत मोबाइलला रेंज धड नसते, म्हणून वडील संध्याकाळी घरी आल्यावर फोनवरून शिल्लक सांगत, धाकटा मुलगा संकेतस्थळावरून उतरवलेल्या तक्त्यात ते आकडे भरी आणि रात्री उशिरा तो तक्ता परत चढवी. तक्ता चढवला की शिल्लक त्यात लिहिलेल्या आकड्याइतकी होते. मधल्या काळात विकल्या गेलेल्या पेट्या त्यातून वजा होत नाहीत. त्यामुळे रोज थोडी अधिकची विक्री होतच होती. शिवाय एखादा आकडा उण्यात गेला असेल तर तोही रात्री पुसला जात होता. एरवी अशी जास्त गेलेली दोन-चार नावे थोरला भाऊ भावकीतला माल घेऊन निभावून नेत असे. त्यामुळे ही चूक अनेक आठवडे कोणाच्या डोळ्यांवर आली नाही. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे : दोन दोष एकमेकांवर पांघरूण घालत होते, आणि माणसांच्या हातोटीने तिसरे पांघरूण घातले होते.

तातडीचे निर्णय

तपास चालू असतानाच तीन गोष्टी ठरवणे भाग होते, कारण तोडणी थांबत नाही.

विक्री चालू ठेवायची की बंद करायची, हा पहिला प्रश्न होता. हंगामातली सर्वांत मोठी मागणी याच दिवसांत असते आणि दुकान बंद ठेवणे म्हणजे आलेले गिऱ्हाईक परत पाठवणे, असे धाकट्या मुलाचे म्हणणे होते. थोरल्या भावाने उलट विचारले, की असलेल्या नावांनाच माल पुरत नसताना नवी नावे घेऊन ती कुठे लिहायची. सर्व प्रतींची शिल्लक शून्य करून संकेतस्थळ पाहण्यासाठी चालू ठेवण्यात आले. पूर्ण बंद केले असते तर पैसे भरलेल्या लोकांना आपली ऑर्डर पाहता आली नसती आणि घबराट वाढली असती.

दुसरा प्रश्न ग्राहकांना काय सांगायचे याचा होता, आणि इथे आदल्या रात्रीचे उत्तर मागे घ्यावे लागले. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना खात्यातून रक्कम वजा झाली पण दुकानदारापर्यंत व्यवहाराची खात्री पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत जायला हवी आणि त्यापुढे उशीर झाल्यास रोज १०० रुपये भरपाई द्यावी लागते. पैसे आपोआप परत येतील हा सल्ला अशा अर्धवट राहिलेल्या व्यवहारांना लागू पडतो. या प्रकरणातले व्यवहार अर्धवट राहिलेले नव्हते. बँक आणि गेटवे यांच्या दृष्टीने ते यशस्वी होते, पैसे दुकानाच्या नावावर जमा होते आणि अज्ञान फक्त दुकानाच्या संगणकात होते. ते पैसे दुकानाने स्वतः परत केल्याशिवाय कधीच परत गेले नसते. म्हणून गेटवेच्या तक्त्यातील प्रत्येक यशस्वी व्यवहाराच्या ग्राहकाला फोन करून खरी स्थिती सांगण्यात आली. दोनदा पैसे भरलेल्यांची दुसरी रक्कम त्याच दिवशी परत पाठवण्यात आली. गेटवेचे शुल्क अशा वेळी सहसा परत मिळत नाही, ते दुकानाने सोसले.

तिसरा प्रश्न न्यायाचा होता. एका पेटीवर दोघांचा हक्क असेल तर ती कोणाला द्यायची? ऑर्डरच्या क्रमांकाप्रमाणे द्यावी असे प्रथम सुचले, पण ऑर्डर नोंदवून पैसे न भरता निघून गेलेले आणि मागाहून पुन्हा आलेलेही लोक होते. शेवटी गेटवेने पैसे स्वीकारल्याची वेळ ही एकच कसोटी ठेवण्यात आली. जे मागे पडले त्यांना दोन पर्याय दिले : पूर्ण परतावा, किंवा पुढच्या तोडणीतली पेटी. आश्चर्य म्हणजे बऱ्याच जणांनी पेटी निवडली. फक्त ज्यांना अक्षय्य तृतीयेलाच आंबा हवा होता ते थांबायला तयार नव्हते, आणि त्यांचे म्हणणे योग्यच होते.

विचारात घेतलेले पर्याय

आग विझल्यावर उरलेल्या हंगामासाठी आणि पुढच्या वर्षासाठी चार पर्याय समोर होते.

वडिलांचा पर्याय संकेतस्थळ सोडून व्हॉट्सॲप, क्यूआर कोड आणि वही यांकडे परतण्याचा होता. त्याला मागासलेला म्हणून हसण्यावारी नेणे चुकीचे ठरले असते. माल मर्यादित असेल आणि ग्राहक ओळखीचे असतील तर ही पद्धत उत्तम चालते. पण क्यूआरवर आलेले पैसे कोणत्या ऑर्डरचे हे शोधायला माणूस लागतो, पैसे भरल्याचे खोटे स्क्रीनशॉट ओळखायला लागतात आणि गर्दीच्या रात्री हे सगळे काम नोकरीवरून दमून आलेल्या जोडप्यावर पडते. मागच्या काही वर्षांत ओळखीबाहेरचे ग्राहकही वाढले होते.

मोठा सर्व्हर घेणे हा सर्वांत सोपा आणि मोहाचा पर्याय. त्याने ५०८चे नकार कमी झाले असते, पण तक्ता चढवल्याने होणारी चूक तशीच राहिली असती, आणि वेबहुक दुसऱ्या कोणत्या कारणाने अडला तर पुन्हा हेच घडले असते. शिवाय दहा आठवड्यांसाठी बारा महिन्यांचे भाडे भरावे लागले असते.

तिसरा पर्याय मासिक भाड्याच्या तयार दुकानाचा होता, जिथे सर्व्हर, सुरक्षितता आणि अद्ययावतीकरण ती सेवा देणारी कंपनी सांभाळते. सर्व्हरचे ज्ञान नसलेल्या छोट्या व्यावसायिकाला मी एरवी हाच पर्याय आधी तपासायला सांगेन. इथे अडचण वेळेची होती : ऐन हंगामात जुने ग्राहक, अर्धवट ऑर्डरी आणि पेमेंट गेटवे यांसह स्थलांतर करणे म्हणजे भरल्या होडीत फळी बदलण्यासारखे झाले असते. तो निर्णय पावसाळ्यावर ढकलण्यात आला.

म्हणून चौथा पर्याय, म्हणजे असलेले दुकान ठेवून पैसे, ऑर्डर आणि शिल्लक यांची साखळी दुरुस्त करणे, तूर्त निवडला गेला.

केलेली कार्यवाही

सर्वांत आधी फुकटचे उपाय केले. ब्रॉडकास्ट याद्या एकदम न पाठवता दर अर्ध्या तासाने एक पाठवायचे ठरले. टोपलीच्या संख्येसाठी होणारी विनंती फक्त टोपलीच्या आणि पैसे भरण्याच्या पानावर ठेवण्यात आली. या दोन बदलांनंतर त्या हंगामात ५०८चा नकार नोंदीत पुन्हा दिसला नाही, आणि मोठ्या सर्व्हरची चर्चा आपोआप मागे पडली.

त्यानंतर माल राखून ठेवण्याच्या वेळेचा प्रश्न आला, आणि त्यावर बराच खल झाला. ६० मिनिटांऐवजी २४ तास केले तर उशिरा आलेल्या वेबहुकलाही ऑर्डर जिवंत सापडेल, अशी धाकट्या मुलाची सूचना होती. वरवर ती बरोबर दिसते. पण पैसे भरायला घेऊन मध्येच सोडणारे ग्राहक प्रत्येक दुकानात असतात. त्या प्रत्येकाने गर्दीच्या रात्री एकेक पेटी दिवसभर अडवून ठेवली असती आणि खरा घेणारा 'माल संपला' वाचून परतला असता. नाशवंत आणि मोजक्या मालासाठी ही वेळ लांबवणे धोक्याचे आहे. म्हणून ६० मिनिटे तशीच ठेवली आणि खबरीची वाट पाहण्याऐवजी आपणच विचारायला जायचे ठरवले. दर पाच मिनिटांनी एक छोटा प्रोग्राम, दहा मिनिटांहून जुन्या आणि पैसे येणे बाकी असलेल्या ऑर्डरींची यादी काढतो आणि गेटवेला त्यांची स्थिती विचारतो. पैसे आले असतील तर ऑर्डर पुढे सरकते. नंतर कधी वेबहुक आलाच, तर आधीच पुढे गेलेल्या ऑर्डरीला तो पुन्हा हात लावत नाही; एकच वेबहुक दोनदा येणे ही गेटवेच्या जगात नेहमीची गोष्ट आहे, त्यामुळे ही खबरदारी आवश्यकच होती.

हा प्रोग्राम वेळेवर चालावा यासाठी वर्डप्रेसची अंगभूत वेळापत्रकाची सोय वापरली नाही. ती घड्याळावर चालत नाही. कोणी पान उघडले की तेव्हा बाकी राहिलेली कामे तपासते, आणि पान कॅशेमधून दिले गेले तर तेही घडत नाही. रात्री दोन वाजता कोणी आलेच नाही तर कामे पडून राहतात. ती सोय बंद करून होस्टिंगच्या नियंत्रण-पानावरून खरा क्रॉन, म्हणजे घड्याळाप्रमाणे काम सुरू करणारी सर्व्हरची सोय, लावण्यात आला. वेळही भारतीय केली.

रद्द झालेल्या ऑर्डरीचे पैसे नंतर आले तर ती थेट 'प्रक्रियेत' न जाता 'थांबवलेली' या अवस्थेत जाईल आणि धाकट्या जोडप्याला संदेश येईल, असा बदल केला. निर्णय माणसाने घ्यावा, संगणकाने फक्त हाक मारावी, असे यामागचे सूत्र होते.

शिल्लक भरण्याची पद्धत बदलणे तांत्रिकदृष्ट्या सर्वांत सोपे आणि घरात पटवायला सर्वांत अवघड गेले. तक्ता चढवणे बंद झाले. 'आता इतक्या पेट्या आहेत' असे सांगण्याऐवजी वडिलांनी 'आज इतक्या वाढवा' किंवा 'इतक्या कमी करा' एवढेच सांगायचे. वाढ-घट असलेल्या आकड्यावर केली जाते, त्यामुळे मधल्या विक्रीचा हिशेब बुडत नाही. वडिलांना हे आधी उलटे वाटले, कारण ते बाग पाहून एकूणच सांगू शकत होते. काल किती सांगितले होते ते आठवून फरक काढणे त्यांना नको होते. शेवटी फरक काढायचे काम थोरल्या सुनेने वहीवरून करायला घेतले आणि ते सुरळीत चालले. त्याबरोबर प्रत्येक प्रतीत दर पाच पेट्यांमागे एक पेटी संकेतस्थळावर न दाखवता मागे ठेवायचे ठरले, म्हणजे प्रतवारीचा अंदाज चुकला तरी सावरता येईल. विक्रीही तारखेऐवजी आठवड्यावर नेली : ग्राहक 'मे महिन्याचा दुसरा आठवडा' निवडतो, नेमका दिवस तोडणीनंतर कळवला जातो.

हे सर्व आधी गेटवेच्या चाचणी-अवस्थेत, दुकानाच्या वेगळ्या प्रतीवर करून पाहिले होते. या कामात आणखी एक गोष्ट उघड झाली. डोमेन, म्हणजे दुकानाचे इंटरनेटवरचे नाव, संकेतस्थळ करून देणाऱ्याच्या ईमेलवर नोंदलेले होते. त्याचा हेतू वाईट नव्हता आणि मागताच त्याने ते कुटुंबाच्या नावावर करून दिले. पण तो परदेशी गेला असता किंवा त्याचा फोन बदलला असता, तर दुकानाचे नावच हातातून गेले असते.

निष्पत्ती

उरलेल्या हंगामात एका पेटीवर दोन नावे पुन्हा आली नाहीत. 'थांबवलेली' अवस्थेत मोजक्या ऑर्डरी आल्या आणि त्या त्याच दिवशी निकाली निघाल्या. मागे ठेवलेल्या पेट्यांमुळे संकेतस्थळावर माल लवकर संपलेला दिसे आणि काही विक्री हुकली असणार; धाकट्या मुलाला ते खटकत राहिले. उरलेल्या पेट्या शेवटी फोनवरच्या जुन्या ग्राहकांना गेल्या, त्यामुळे त्या वाया गेल्या नाहीत.

पुढच्या वर्षी अवकाळी पावसाने फळ गळाले आणि तोडणी मागे गेली. तारखेऐवजी आठवडा विकल्याचा फायदा तेव्हा कळला : ऑर्डरी रद्द न करता पुढच्या आठवड्यात सरकवता आल्या. मात्र हे सरकवणे ग्राहकांना कळवताना नवी अडचण आली. भारतात व्यावसायिक एसएमएसचा मजकूर आधी डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेत मंजूर करून घ्यावा लागतो आणि पाठवलेला मजकूर त्याहून वेगळा असेल तर तो पोहोचतच नाही. 'पेटी निघाली' हा एकच मजकूर मंजूर होता. 'तोडणी पुढे गेली' असे सांगणारा नव्हता. मराठीतला मजकूर एका एसएमएसमध्ये ७० अक्षरांपुरताच बसतो, त्यामुळे घाईत लिहिलेला नवा मजकूर दोन एसएमएसचा खर्च मागू लागला. मंजुरी येईपर्यंत सगळे फोनवरून कळवावे लागले.

वाटपाच्या बाजूला एक प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. पुण्यासाठी घरपोच दर ठरवताना ४११ने सुरू होणारे सर्व पिनकोड एका गटात घातले होते. पण वाघोलीचा पिन ४१२२०७ आहे, म्हणून तिथल्या ग्राहकांना घरपोच पर्यायच दिसत नव्हता. ४१२ने सुरू होणारे सगळे पिन जोडले तर ४१२२०६ म्हणजे भोरही आत येते, आणि तिथे त्याच दरात पेटी पोहोचवणे परवडत नाही. आता पिन एकेक करून लिहिले जातात आणि नवा भाग राहून गेला की ग्राहकाच्या फोनवरूनच कळते.

वेगळे काय करता आले असते

हंगामापूर्वीची रंगीत तालीम झाली असती तर बरेच टळले असते. त्यासाठी महागडे साधन लागत नाही : नातेवाइकांपैकी वीस-तीस जणांनी ठरलेल्या वेळी एकाच वेळी दुकान उघडून चाचणी-अवस्थेत पेटी घेतली असती, तरी प्रक्रियांची मर्यादा उघडी पडली असती. आता ही तालीम फेब्रुवारीत, बागेत मोहोर आणि कैरी दोन्ही असतात त्या सुमारास, होते. त्याच वेळी जुलैपासून झोपलेले प्लगइन (संकेतस्थळाला जोडलेली छोटी सॉफ्टवेअरे) अद्ययावत केले जातात. ऐन हंगामात कोणतेही अद्ययावतीकरण आपोआप होऊ द्यायचे नाही, फक्त सुरक्षेचे तातडीचे असेल तर पाहून करायचे, असे ठरले आहे. सात-आठ महिने जुने, छिद्रे असलेले संकेतस्थळ ग्राहकांच्या पत्त्यांसह उघडे पडून राहते, ही या व्यवस्थेतील उणीव मला अजूनही अस्वस्थ करते. पावसाळ्यातही महिन्यातून एकदा कोणीतरी ते पाहायला हवे.

पहिल्या रात्री उत्तरे देण्यापूर्वी गेटवेचा तक्ता उघडला असता, तर पैसे आपोआप येतील हे चुकीचे आश्वासन गेले नसते. संकेतस्थळ काय दाखवते याला त्या क्षणी फारसे महत्त्व नव्हते. पैसे कुठे आहेत हे सांगणारी नोंद दुसरीकडे होती आणि तिचा पासवर्ड फक्त धाकट्या मुलाकडे होता, जो त्या वेळी कामावर होता. आता तो तक्ता पाहण्यापुरता प्रवेश दोन्ही सुनांना दिला आहे. परतावा करण्याचा अधिकार मात्र एकाच्याच हाती आहे.

भाड्याच्या तयार दुकानाकडे जाण्याचा विषय पावसाळ्यात पुन्हा निघाला आणि पुन्हा लांबणीवर पडला. आठवड्यावार विक्री, मागे ठेवलेल्या पेट्या आणि वाढ-घटीची नोंद या तिन्ही गोष्टी तिथे कशा बसतील हे आधी कागदावर मांडायचे आहे, आणि थोरल्या सुनेने ती वही घेऊन बसल्याशिवाय तो कागद तयार होणार नाही.